उदाहरणासहित स्पष्ट करा

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. "पॉव्हर्टी गॅप म्हणजे काय, ते उदाहरणासहित स्पष्ट करून कळवावे, ही विनंती." वहीच्या फाडलेल्या दोन पानांचं पत्र होतं, आणि निदान पहिल्या पानावर तरी एवढंच मागणं होतं. लिहिणारी एक अंगणवाडी सेविका होती. बढतीच्या परीक्षेला बसणार होती.

चूक माझीच होती. निवृत्तीनंतर मी एक पुस्तिका छापली होती, सरकारी योजनांच्या कागदांत येणाऱ्या इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ देणारी. तीनशे प्रती काढल्या, त्यातल्या निम्म्या अजून माळ्यावर आहेत. तिच्यात 'हेडकाउंट रेशो'ला मी पाऊण पान दिलं होतं: दारिद्र्यरेषेखाली शंभरात किती माणसं आहेत, ते सांगणारा आकडा. त्याच्याच खालच्या 'पॉव्हर्टी गॅप'ला मात्र दोन ओळी. 'रेषेखालील कुटुंबांची रेषेपासूनची सरासरी तूट' वगैरे. त्या ओळींबद्दल बाईंनी लिहिलं होतं, "हे चार वेळा वाचले, समजले नाही." त्यात तिचा दोष नव्हता. मी त्या दोन ओळी कुणाला समजू नयेत अशाच लिहिल्या होत्या की काय, असं मला आता वाटतं. खात्री नाही.

उत्तर लिहायला मी पुष्कळदा बसलो. 'समजा, एका गावात अ आणि ब अशी दोन कुटुंबं आहेत' असं लिहायचो आणि कागद फाडायचो. उदाहरण माझ्याकडे होतं. ते अ आणि ब नव्हतं.

*

"या जी, या! पाय धुवा. उन्हाचे आले तुमी."

दारात पितळी गडवा घेऊन एक बाई उभी होती. तिने माझ्या पायांवर पाणी घातलंसुद्धा. मी चपला काढाव्यात की नाही या विचारात होतो, तेवढ्यात पुढे होऊन तिने माझ्याबरोबरच्या ग्रामसेवकांना, गभण्यांना, विचारलं, "नवरदेव मांगून येते का?"

गभणे हसत सुटले. "अवो सगुणाबाई, मले ओळखलं नाई का? आमी पाव्हणे नाई. हे तालुक्याचे सायेब हायत. यादी तपासाले आले."

बाईच्या हातातला गडवा खाली आला. माझ्या पायांकडे पाहत ती म्हणाली, "मी तं नवरदेवाचा मामाच समजली जी."

सत्त्याण्णव सालची गोष्ट. खांबटोला म्हणजे मोठ्या तलावाच्या पाळीवर वसलेली ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, चाळीसेक घरं. त्या वर्षी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची नवी यादी झाली होती आणि ती फार लांबली, अशी वरून तक्रार आली होती. म्हणून काही घरांची फेरतपासणी. मी सांख्यिकी सहायक होतो. पाहणीची इंग्रजी सूचनापुस्तिका मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि मी पुस्तकी माणूस असल्यामुळे ते मला आवडलंही होतं. पद्धत साधी होती. घरात काय काय आहे त्याचे गुण द्यायचे. खुर्ची, घड्याळ, रेडिओ, सायकल, घराचं छप्पर, पोटभर जेवण, धंदा. बेरीज सोळा किंवा कमी आली तर घर रेषेखाली, म्हणजे स्वस्त तांदळाचं कार्ड. सतरा झाले की कार्ड गेलं. आगाऊ सूचना द्यायची नाही, असाही नियम होता. दिली तर लोक वस्तू लपवतात.

सगुणाबाई वलथरेच्या घराला पहिल्या पाहणीत अकरा गुण होते. मी आत पाहिलं. ओसरीवर चार लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर चालू घड्याळ, फळीवर विणलेल्या रुमालाखाली रेडिओ, खांबाला टेकवलेली सायकल. मला बरं वाटलं नाही. कागद आणि घर जुळत नसलं की मला नेहमी स्वतःचाच संशय येतो.

"हे सगळं कधी घेतलंत?" मी विचारलं.

ती गभण्यांकडे वळली. "तुमी सांगा ना जी सायेबाले. माह्याकडून बोलनं नाई होत."

"काय सांगू?" गभणे म्हणाले. "तूच सांग."

मग ती माझ्याकडे न बघता भरभर बोलली. "आज कुंदाले पाहाले येत हायत. मारबते. मोठं घर हाय जी, मासे धराचे दोन डोंगे, सोसायटीचे मेंबर. खुर्च्या शेजारच्या झिबलभाऊच्या, रेडू त्याहीचाच. घडी मास्तराची. सायकल कोनाची हाय त मलेच मालूम नाई, झिबलभाऊनं आनून ठेवली. सांजेले सगळं ज्याचं त्याले जाते. माह्यं काई नाई. मी झिंगे धरतो न् विकतो. घरी सासू हाय, पोरगी हाय. तुमी उद्या या ना जी. उद्या या न् पाहा माह्यं घर."

झिंगे म्हणजे तलावातली कोळंबी; आणि तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'धरतो, विकतो' असंच बोलतात. आतल्या दारात पोरगी उभी होती, कुंदा. अठराएक वर्षांची. अंगावरचं लुगडंही उसनं असावं, कारण ती ते हाताने धरून उभी होती, जणू सांडेल.

"उद्या जीप नाही," मी गभण्यांना हळू म्हणालो.

"मंग परवा?"

"पाच गावं आहेत अजून."

"मंग असं करा सायेब," गभणे म्हणाले, "तिनं सांगतलं ना? लिहून टाका ऐकलं तसं. निंघू."

मला ते पटलं. खरंच पटलं होतं. मी खुर्चीवर बसलो, फॉर्म मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबल्याचा आवाज आला.

*

मारबते उंच, भरदार मिशांचा माणूस होता. पांढरं धोतर, काळा कोट, उन्हाळ्याच्या दिवसांत. मागे मुलगा, मान खाली घातलेला, आणि दोन म्हातारे नातेवाईक. पाय धुऊन झाले, गूळ-पाणी झालं. मी उठायला लागलो तर मारबत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा जी. कोन आपन?"

गभण्यांनी सांगितलं. मारबत्यांचे डोळे चमकले.

"म्हन्जे घराची तपासनी? सरकारी?"

"हव जी."

"मंग बेस झालं! चालू द्या तुमचं काम. आमी आयकतो." ते नातेवाइकांकडे वळून म्हणाले, "आपन विचारलं त लोक दोन पायल्याचं चार पायल्या सांगते. सरकारसमोर कोन खोटं बोलन?"

म्हातारे हसले. सगुणाबाईसुद्धा हसली. मी आजवर पाहिलेल्या हसण्यांत तसं दुसरं आठवत नाही.

मी म्हणालो, "आम्ही नंतर येतो. तुमचं चालू द्या."

"अजी, आमाले काई घाई नाई," मारबते म्हणाले. "पोरीले पोहे कराले टाइम लागतेच. विचारा तुमी."

इथे मी उठून जायला हवं होतं. पण चार माणसं माझ्या तोंडाकडे पाहत असली की मला उठवत नाही, हे शाळेपासूनचं. सांगितलेलं काम करणं त्यापेक्षा सोपं वाटतं. मी फॉर्मवर मान घातली.

"बसायची आसनं? खुर्च्या?"

"हायत जी," सगुणाबाई म्हणाली. "चार."

"स्वतःच्या?"

प्रश्न छापलेला होता आणि मराठी माझीच होती. 'स्वतःच्या मालकीच्या आहेत काय?'

"आमच्याच," ती म्हणाली.

"घड्याळ?"

"आमचंच."

"रेडिओ?"

कोपऱ्यात बाजेवर एक म्हातारी चौकडीची चादर पांघरून पडली होती. सगुणाबाईची सासू. तिला दिसत कमी होतं, पण ऐकू चांगलं येत होतं. ती उठून बसली.

"कोनाचा रेडू वो? आपल्या घरी रेडू कवा आला?"

"मांगच्या दिवाळीले नाई का आनला, आत्या."

"मांगच्या दिवाळीले त आपल्या घरी तेल नोहोतं!"

धाकटा म्हातारा नातेवाईक खाकरला. सगुणाबाई म्हणाली, "म्हातारीले आठोत नाई जी आता. लहान लेकरावानी झाली."

"मी लहान लेकरावानी?" म्हातारी म्हणाली. "तूच मले सकाळी सांगतली का झिबल…"

"आत्या, पोहे खाता का?"

म्हातारी थांबली. पोहे हा शब्द तिला फार दिवसांनी ऐकू आला असावा. "खातो," ती म्हणाली आणि गप्प झाली.

मारबते मोठ्यांदा हसले. "आमची माय बी असीच होती. लिहा सायेब, रेडू लिहा."

मी लिहिलं. मग सायकल लिहिली. मग तो प्रश्न आला, ज्याच्यावर मी मराठी करताना दोन दिवस घालवले होते. "वर्षभर दोन्ही वेळा पोटभर जेवण मिळतं का?"

त्या बाईने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. विनवणी नव्हती तिच्या नजरेत. ती वाट पाहत होती. मी तो प्रश्न वगळतो का, एवढंच तिला पाहायचं होतं, असं मला आज वाटतं. मी वगळला नाही. विचारून झाला होता.

"मिळते जी," ती म्हणाली. "देवाच्या किरपेनं उरते बी."

आत तेलात मोहरी तडतडली. मी बेरीज केली. एकोणीस.

फॉर्मखाली अंगठा घ्यायचा होता. तिने अंगठा न देता सही केली, हळूहळू, एकेक अक्षर काढत. मारबते कौतुकाने म्हणाले, "सही बी येते!" साक्षरतेचा एक गुण राहिला होता. तोही मी घातला. वीस.

*

जीपपर्यंत झिबल नान्हे मागोमाग आला. साठीचा, उघडाबंब, खांद्यावर जाळं. घरात येऊन बसायचं त्याने टाळलं होतं. पाहुण्यांना खुर्च्यांचा मालक दिसू नये म्हणून.

"सायेब, त्या खुर्च्या माह्या हायत."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

"मंग लिहिलं काऊन?"

"त्या बाई म्हणाल्या त्यांच्या आहेत. आणि मला दिसल्याही. सांगितलेलं आणि पाहिलेलं जुळलं तर तेच लिहायचं, असा नियम आहे."

"सांगतलेलं त तिनं तुमाले आंधीच सांगतलं होतं."

मी जीपमध्ये चढून बसलो. तो जाळं दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, "म्या तिले म्हनलं होतं, दोनच खुर्च्या ने. चार कायले पायजे? ते म्हने, नाई भाऊ, मोठ्या घरचे हायत."

"पंधरा दिवसांत हरकत घेता येते," मी सांगितलं. "लेखी. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागेल. तिच्याखाली अर्ज द्या की वस्तू उसन्या होत्या."

"फळ्यावर?"

"हो. अर्जही फळ्यावर लागतो. सगळ्यांना कळावं म्हणून."

झिबल म्हणाला, "अजी सायेब, मारबत्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी त्याच पंचायतीत बसते."

गभण्यांनी जीपचं दार लावलं.

लग्न ठरलं. हरकतीचे पंधरा दिवस गेले, अर्ज आला नाही. कसा येणार? त्या महिन्यात आमच्या तालुक्याचा आकडा एकदम सुधारला. शंभरातली एकेचाळीस घरं रेषेखाली होती, ती चौतीस झाली. आमच्या साहेबांनी मला बोलावून पाठ थोपटली. मला शब्द ठाऊक होता. जी घरं यादीतून गेली ती बहुतेक रेषेच्या काठावरची होती, आणि वलथऱ्यांसारखी काही तर काठावरचीही नव्हती, खोल होती. नुसती डोकी मोजली की यातलं काही दिसत नाही. किती खाली आहेत ते मोजणारा शब्द वेगळा आहे. मी साहेबांना एवढंच म्हणालो, "सगळ्या टीमचं श्रेय आहे."

*

आता पत्राचं दुसरं पान. माझ्याकडे ते अजून आहे, आणि मला पाठ आहे. ते असं:

"सर, तुम्ही मला ओळखले नसेल. मी खांबटोल्याची, पूर्वीची कुंदा वलथरे. माझे लग्न जुळले त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी तपासणीला आला होता. कार्ड रद्द झाल्याच्या नोटिशीवर तुमची सही होती. आईने ती नोटीस जपून ठेवली होती, म्हणून पुस्तकावर नाव पाहताच ओळखले. आजी त्याच पावसाळ्यात वारली. तांदूळ बंद झाल्यावर आई दोन वर्षे लाखोळीवरच राहिली. डाळ लाखोळीची, भाकर लाखोळीची. आम्हाला तिने कळू दिले नाही. ती डाळ फार खाल्ली की पाय लुळे पडतात, तसे तिचे पाय गेले. नंतर बारा वर्षे ती हातावर सरकत चालायची. मागच्या श्रावणात वारली. आई शेवटपर्यंत म्हणायची, त्या सायबाने आपली लाज राखली, पाव्हण्यांसमोर एक शब्द बोलला नाही, भला माणूस. लग्नानंतर ती कार्डासाठी तुमच्या ऑफिसात आली होती. तुम्ही दौऱ्यावर होता. ती म्हणायची, सायेब भेटला असता तर काम झालेच असते. असो. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. उत्तर लवकर पाठवावे."

मी दौऱ्यावर नव्हतो.

दुपारी तीनच्या सुमाराला ती आली. खिडकीतून मला अंगणात दिसली, हातात कसलीशी पुडी, पदराने तोंड पुसत. मुदत सहा दिवसांपूर्वी संपली होती. पण फॉर्म जिल्ह्याला गेले नव्हते, माझ्याच कपाटात होते, आणि 'पुनर्तपासणी' असा शेरा मारून एक कागद बाजूला काढायचा अधिकार मला होता. याचा मी तेव्हा विचार केला नाही असं नाही. केला. शेरा मारला तर पहिल्यांदा वीस का लिहिले, ते साहेबांना सांगावं लागलं असतं. तिच्या तोंडावर मी काय बोलणार होतो, तेही मला सुचेना. मी शिपायाला म्हणालो, "कुणी विचारलं तर सांग, दौऱ्यावर गेलेत." आणि आत, जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन बसलो.

शिपाई मध्ये एकदा येऊन गेला. "बाई बसूनच हाय. म्हनते, सायेब येतीन."

"सांग, आज येणार नाहीत."

"सांगतलं. म्हनते, बसतो."

शेवटची गाडी साडेपाचला असते. ती सव्वापाचला उठली. जाताना तिने ती पुडी शिपायाकडे दिली, साहेबांसाठी. सुकवलेले झिंगे होते. मी खात नाही, म्हणून शिपाई घेऊन गेला.

*

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची, असं एका ओळखीच्या मास्तरांनी परवा सुचवलं. तिची गरज आहे असं मला वाटत नाही. पण त्या निमित्ताने मी 'पॉव्हर्टी गॅप' काढून बसलो आणि या वेळी अ आणि ब लिहिलं नाही. काल सकाळी जे लिहून झालं ते असं:

"सौ. कुंदाताई मारबते यांस,

उशीर झाला. परीक्षा कधीच होऊन गेली असेल. तरी तुम्ही विचारलं होतं, म्हणून लिहितो.

रेषा सोळा गुणांची धरा. ज्या घराला पंधरा गुण आहेत ते रेषेच्या एक खाली, ज्याला अकरा आहेत ते पाच खाली. हेडकाउंट दोघांनाही सारखंच मोजतो: एक घर, एक घर. पॉव्हर्टी गॅप विचारतो, किती खाली? सगळ्या घरांचं ते खालीपण एकत्र केलं की गावाला किती द्यावं लागेल ते कळतं. कागदावर घर रेषेच्या वर ढकललं, तर पहिला आकडा सुधारतो. आणि दुसऱ्याचाही हिशेब त्याच कागदावरून केला, तर तोही सुधारलेलाच दिसतो. म्हणून हा शब्द, खरं मोजणारा माणूस असेल तरच उपयोगाचा.

उदाहरण: खांबटोला येथील श्रीमती सगुणाबाई वलथरे यांचं घर. खरे गुण अकरा. मी लिहिले वीस. वस्तू उसन्या आहेत हे त्यांनी मला पाहुणे येण्याआधी सांगितलं होतं. त्यांची लाज मी राखली नाही. मला तिथून उठता आलं नाही, एवढंच.

त्या कचेरीत आल्या त्या दिवशी मी दौऱ्यावर नव्हतो. आतल्या खोलीत होतो. त्या सव्वापाचपर्यंत बसल्या. मी बाहेर आलो असतो तर काम झालं असतं. हे त्या बरोबर म्हणत होत्या.

हे वाचून तुम्हाला मला काही विचारायचं असेल तर खाली पत्ता आहे. मी घरीच असतो."

'आपला नम्र' लिहिलं, मग खोडलं, मग नुसती सही केली. पत्ता नऊ वर्षांपूर्वीचा. ती तिथे आहे की नाही, मला ठाऊक नाही. पोस्टात खिडकीवरच्या मुलीने विचारलं, "साधं की रजिस्टर?"

"फरक काय?"

"रजिस्टर केलं की मिळाल्याची सही येते. नाही मिळालं तर परत येतं."

"रजिस्टर," मी म्हणालो.

तिने पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.